वरचीचं पान

आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे भांडण नको. मी एसटीत कंट्रोलर होतो. पोलादपूरच्या स्टँडवर काचेच्या खोक्यात बसून "गाडी आत्ता येईल, घाटात आहे, येतेच आहे" हे वाक्य मी उभी नोकरी माइकवर म्हणत आलो, आणि गाडी येईपर्यंत लोकांनी माझ्यावर विश्वास ठेवला. तेव्हा भागीकाकीबद्दल जे सांगणार आहे त्यावरही तेवढाच ठेवावा. गाडी येते. थोडी उशिरा येते, पण येते.

भागीकाकी आमची शेजारीण. आमच्या दोघांच्या परसात एकच कुंपण, आणि तेही मी घातलेलं. काकीला कुंपण मान्य नव्हतं. तिच्या आवाजाला तर कुठलंच कुंपण नव्हतं. दुपारी परसात उभी राहून तिने लेकाला "दत्त्याऽऽ, जेवाया ये रेऽऽ" अशी हाक मारली की आमचा दत्ता शेतातून यायचाच, पण सावित्री नदीपलीकडचे दोन-चार दत्तेही हात धुऊन पाटावर बसायचे. महाडच्या बाजारपेठेत एका वाण्याने ही हाक ऐकून भरल्या गिऱ्हाइकात दुकान बंद केलं होतं म्हणतात. त्याचं नाव दत्तात्रय होतं.

एवढा आवाज कशाला लागायचा? तर तिला रोज डोंगराशी बोलायचं असायचं.

आमची वाडी सावरकोंड. पोलादपूरहून आंबेनळीकडे निघालं की घाट लागायच्या आधी एक वाट ओढ्यात उतरते आणि पुन्हा चढायचं विसरते. तिथे आम्ही राहतो. वाडीच्या पाठीशी चेटकिणीचा डोंगर. उंची एवढी की कावळेसुद्धा माथ्यावर जाताना भाकरी बांधून घेतात. माथ्याला एक काळा सुळका आहे, जरा पुढे वाकलेला. पदर डोक्यावरून घेऊन कुणी बाई खाली वाडीत डोकावतेय असा. पावसाळ्यात त्याच्यावर ढग बसला की बाईने इरलं घेतलं असं वाटतं, आणि आमच्याकडे लोक ते बघूनच लावणीचा दिवस ठरवतात.

तलाठ्यापासून गुराख्यापर्यंत सगळे त्याला चेटकिणीचा डोंगरच म्हणतात. फक्त वाडीतल्या बायका ते नाव घेत नाहीत. नवऱ्याचं नाव घेत नाहीत, तसं. त्या म्हणतात, 'वरची'. वरचीकडे वणवा लागला. वरचीचा झरा आटला. आणि घरात काहीही मंगल असलं, साखरपुडा, बारसं, नवं भात, की पहिला प्रश्न, "वरचीला पान वाढलं काय?" केळीच्या पानावर भात, वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी वाढून ते पान परसातल्या दगडावर ठेवायचं, डोंगराकडे तोंड करून. मग घरची माणसं जेवणार. वाडीतल्या कुत्र्यांना हा रिवाज माणसांपेक्षा जास्त प्रिय आहे.

काकी त्या डोंगराशी शेजारणीसारखी वागायची. सकाळी मशेरी लावत परसदारी आली की पहिली चौकशी वर. "उठलीस काय गोऽऽ?"

डोंगर साद द्यायचा. "काय गो… य गो… गो…"

"बघ रे कंट्रोलर," काकी कुंपणावरून मला म्हणायची, "मी तिला इचारते तर ती मलाच इचारते. मेलीनं आजपावत एक उत्तर दिलं नाय."

मीठ संपलं तरी वरचीला बोल, मांजर व्यायली तरी वरचीला खबर. एकदा तिची कोंबडी हरवली. काकीने डोंगराकडे तोंड करून अशा शिव्या घातल्या की कोंबडी माझ्या माळ्यावरून आपण होऊन खाली आली. ती माझ्या माळ्यावर कशी गेली, हा विषय वेगळा.

वरचीच्या गोष्टी तिच्याजवळ पोत्याने होत्या, आणि दर खेपेला त्यातून निघणारी नवी असायची. हिरकणी रात्रीची कडा उतरली, तिला वाट कुणी दाखवली? वरचीनं. "तू हिरकनीवाडीला जा नि इचार," ती म्हणायची. "तिथले गाईड सगला किल्ला दावतील, पन ह्ये सांगनार नायत. त्यांना ठावंच नाय." शिवथरच्या घळीत समर्थ बसले होते तेव्हा धबधब्याचा एवढा आवाज व्हायचा, तर त्यांना काही सुचावं म्हणून पाणी जरा हळू कुणी पाडलं? वरचीनं. महाडला पूर आला, तो उतरवला कुणी? वरचीनं. "मग आणला कुणी?" मी विचारलं. काकी मशेरीची पिंक टाकून म्हणाली, "तो खालच्यांनी आनला."

"काकी, ह्यातलं खरं कोणतं?"

"शपथ घालू नको रे. गोष्ट आटते."

हे तिचं ठरलेलं वाक्य. गाईचं दूध आटावं तशी तिच्या मते गोष्ट शपथेनं आटायची. तिचं दुसरं वाक्य असं की भुताला भिऊ नये, भुताला विचारावं, जेवलास काय? उपाशी असेल तर बसवावं, जेवला असेल तर तो आपल्याला काय खातोय?

पण हे हसणं तिला फुकट मिळालं नव्हतं. काकी ऐन तरुणपणी विधवा झाली. दत्ता तेव्हा मांडीवर. त्याच साली वाडीत रोग येऊन म्हशी पटापट मेल्या आणि विहिरीवर कुजबुज सुरू झाली. भागीची नजर बरी नाय. भागीनं नवरा खाल्ला, आता म्हशी खाते. आमच्या आईने हे मला सांगितलं आहे, आणि आमची आई माझ्यासारखी नव्हती, ती खरं बोलायची. काकी भरला हंडा घेऊन विहिरीवर उभी होती. तिने हंडा खाली ठेवला, पदर खोचला आणि डोंगराला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "कोनाकोनाच्या म्हशी ऱ्हायल्यात गो? नावं सांगा. आजच सगल्यांवर नजर टाकून मोकली होते. रोज रोज कोन हेलपाटा घालंल?"

मग एक म्हातारी फिसकन हसली, तिच्यामागून दुसरी, आणि हसता हसता कुणाची कळशी विहिरीत गेली. ती काढायच्या गडबडीत कुजबुज तिथेच बुडाली. एकदा मोठ्यानं हसल्यावर कुणाला पुन्हा घाबरता आलं नाही. त्या दिवसापासून काकी वाडीतल्या सगळ्यांची काकी झाली. पण आई म्हणायची, त्या संध्याकाळी ती परसात एकटीच बसली होती, डोंगराकडे बघत, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज बारीक होता.

असो. रडायला बसलो तर ही गाडी घाटातच अडकेल.

मध्ये एकदा पुण्याहून पोरं आली. भुतांचे व्हिडिओ काढणारी. काळे शर्ट, कपाळाला दिवे, आणि हातात एक यंत्र, भूत जवळ आलं की टीं टीं वाजणारं. त्यांनी यंत्र डोंगराकडे धरलं. गप्प. माझ्याकडे धरलं. गप्प. मला जरा वाईटच वाटलं. काकी ताक घेऊन बाहेर आली आणि यंत्र असं ठणाणा वाजायला लागलं की पोरं दोन पावलं मागे गेली.

"काय झालं रे बाबांनो?"

"आजी… तुमच्यात काहीतरी आहे."

"हाय ना," काकी म्हणाली आणि कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढून पुढे धरला. माळ्याचं कुलूप, कणगीचं कुलूप, फडताळाचं कुलूप. यंत्राला चक्कर आली. मग पोरांनी ड्रोन उडवला. तो भुणभुण करत सुळक्यापर्यंत गेला आणि घारीने झडप घालून पळवला. घारीचं घरटं होतं तिथे, तिने दुसरं काय करावं? पण पोरं पांढरीफटक पडली. काकी शांतपणे म्हणाली, "वरचीला उकडत असंल. पंखा पायजे व्हता तिला." मग तिने चौघांना ताक पाजलं, डोंगराकडे तोंड करून हात जोडायला लावले आणि आंबेनळीच्या रस्त्यापर्यंत सोडून आली. तो व्हिडिओ लाखभर लोकांनी पाहिला म्हणे. त्यात सगळ्यात भयानक म्हणून जे दाखवलं होतं, ते माझं धोतर वाळत होतं.

आणि त्या व्हिडिओनेच घात केला.

आमच्या वाडीतल्या पोरांची लग्नं तशीही जमत नव्हती. आमचा क्रिकेटचा संघ तालुक्यात प्रसिद्ध होता. कप्तानापासून बाराव्या गड्यापर्यंत सगळे बिनलग्नाचे. मुलगी द्यायची म्हटली की लोक विचारत, कुठली वाडी? सावरकोंड. म्हणजे चेटकिणीच्या पायथ्याची? आणि चहा अर्धा टाकून उठत. व्हिडिओ आल्यावर तर चहा ठेवायच्या आधीच उठायला लागले. काकीचा नातू संदेश, दत्ताचा एकुलता एक, महाडच्या कारखान्यात कायम झालेला, निर्व्यसनी, केस काळेभोर. त्याची तीन स्थळं डोंगरावर आपटून परत गेली. पोरगा जेवेनासा झाला. त्याची आई सुलोचना देवाला बसली, तर देवघराच्या खिडकीतून डोंगरच दिसे.

शेवटी माणगावच्या बाजूचं एक स्थळ आलं. वडील पिठाच्या गिरणीवाले. मुलगी प्राजक्ता, पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढायच्या कामाला. फोटो पाहून, फोनवर बोलून दोघांचं पसंत पडलं होतं. फक्त मंडळी घर बघायला यायची होती. काकीला सांगितलं, मुलगी रक्त काढते, तर ती म्हणाली, "बरंच की. वरचीचं नि तिचं जमेल."

त्याच क्षणी सगळ्यांच्या लक्षात आलं की खरा धोका डोंगराकडून नाही, काकीकडून आहे.

दत्ताच्या पडवीत बैठक बसली. सरपंच बाळाराम म्हणाला, "काकी, हात जोडतो. त्या दिवशी तेवढी चेटकीण काढायची नाय. ह्या एका पोराचं जमलं ना, तर मागली सगली टीम सुटेल." वाडीतल्या मुंबईला असलेल्या मंडळींनी तर एक फलकच छापून पाठवला होता, रंगीत, दिवे-फुलांचा: 'श्री माऊलीगड आपले स्वागत करीत आहे.' तो ओढ्यावर टांगायचा होता.

"माऊलीगड?" काकी म्हणाली. "नि ती कुठं जानार?"

"कोण?"

"वरची. एकदा गावातून हाकलली. आता डोंगरावरून पन हाकलताव?"

संदेश खाली मान घालून बसला होता. काकीने त्याच्याकडे पाहिलं. नातवाची खाली गेलेली हनुवटी पाहिली की तिचा डोंगरसुद्धा विरघळायचा.

"बरं," ती म्हणाली. "चेटकीन हा शब्द माझ्या तोंडून निघनार नाय. वरचीची आन."

आम्ही सगळे सुटलो. कोणाची आण घेतली, हे कुणी नीट ऐकलंच नाही.

पाहुणे गाडीतून उतरले. गिरणीवाले, त्यांची बायको, मुलगी आणि मुलीचा मामा. मामा म्हणजे ज्याला पोह्यात खडा शोधायचा असतो तो माणूस. प्रत्येक लग्नात एक असतोच. त्याने येतानाच फलक वाचला होता. "माऊलीगड? हा गड ऐकला नाही कधी."

"हो हो, फार जुना," सरपंच म्हणाला.

"गड नाही, गवळदेवाचा डोंगर तो," दत्ता त्याच दमात म्हणाला. फलकाची बातमी त्याला नीट पोचली नव्हती.

"सनसेट पॉइंट आहे," संदेश म्हणाला.

मामाने तिघांकडे पाहिलं. मी घाईघाईने पोहे पुढे केले. शेजारी म्हणून, आणि इस्त्रीचा शर्ट माझ्याकडेच असल्यामुळे, मला बैठकीत बसवलं होतं.

काकी कोपऱ्यात बसली होती, तोंडाला पदर लावून. तिला एवढी गप्प मी कधी पाहिली नव्हती. उतारावर इंजिन बंद करून सोडलेली एसटी जशी असते, तशी. आवाज नाही, पण जाणता माणूस पुढची दांडी घट्ट धरतो.

सगळं ठीक चाललं होतं. दत्ताचं घर नवं, वर एक स्लॅबची खोली काढलेली. बोलणी हुंड्यावर नव्हती, मानपानावर नव्हती. फक्त जेवायला बसायचं होतं. पाटपाणी झालं आणि सुलोचनेने, जन्माची सवय, स्वयंपाकघरातून विचारलं,

"आत्या, वरचीला पान वाढलं काय?"

"वाढ गो," काकी म्हणाली. "पहिलं तिचं."

गिरणीवालीण थबकली. "वरची म्हणजे? वर कोण असतं?"

आता दत्ताने काहीही सांगायला हवं होतं. पण त्याने गडबडीत भाकरीचा मोठा तुकडा तोंडात कोंबला. बोलायला रिकामं एकच तोंड होतं, आणि ते शपथेला जागणारं होतं.

"म्हातारी हाय एक," काकी म्हणाली. "लय वर्सांची."

"आजारी आहेत का?"

"छ्या! ठनठनीत. आपल्या सगल्यांना पुरून उरंल."

"मग खाली नाही येत?"

"पयली यायची, अडल्यानडल्याला. आता नाय येत. ऱ्हा म्हटलं तरी ऱ्हात नाय. खाली तिचा लय अपमान झालाय."

गिरणीवाल्यांनी हातातला घास परत पानात ठेवला. "तुमच्या कोण त्या?"

काकीने विचार केला. "आता काय सांगू? सासूच म्हना."

"म्हणजे हिची," गिरणीवालीण बोटं मोजत म्हणाली, "सासू, आजेसासू, आणि तिच्या वर पणजीसासू?"

"आणि तिचं पान मुलीला…?" मामाने विचारलं.

"सनासुदीला वाढायचं. बालंतपनाला तर ती लागतेच. चुकवलं तर रागावते."

नेमकं त्याच वेळी वरच्या स्लॅबवर धाडकन आवाज झाला. वानर. सुलोचनेची कोकमं वाळत होती, त्यांच्यासाठी वानरं रोज येतात. पण मामा ताडकन उभा राहिला. "दत्तोबा, फोनवर घरात माणसं चार सांगितलीत. ही पाचवी बाई लपवून ठेवलीत वर? खोलीला बाहेरून कुलूप आहे, मी मघाशीच पाहिलंय!"

"पसारा आहे हो मामा," संदेश कळवळून म्हणाला. "वर नका जाऊ."

"म्हातारीला पसारा म्हणतोस?"

झालं. गिरणीवाला चपला शोधायला लागला. सरपंच मध्येच "तसं नाही, ती बाई नाहीच, ती म्हणजे…" म्हणून अडकायचा, कारण पुढचा शब्द म्हणजे लग्नाचा मुडदा. दत्ता घामाने निथळत होता. आमची सगळी क्रिकेट टीम खिडकीबाहेर उभी होती. तिने एकसाथ सुस्कारा टाकला आणि दोरीवरचे कपडे हलले.

तेव्हा प्राजक्ता पहिल्यांदा बोलली. उठून काकीपाशी येऊन बसली. रोज अनोळखी माणसांचे दंड हातात घेणारी मुलगी, तिने काकीचं मनगट धरलं आणि विचारलं, "आजी, वरची म्हणजे किती वर?"

काकीने तिच्याकडे पाहिलं. मग तिला उठवून परसदारी घेऊन गेली. आम्ही सगळे मागोमाग. दगडावर वरचीचं पान वाढलेलं होतं, समोर डोंगर. काकीने हनुवटीने सुळका दाखवला.

"तेवढी वर."

आणि पदर खोचून, कितीतरी वेळ कोंडलेला तो आवाज तिने सोडला. "पाव्हनी आलीय गोऽऽ!"

"लीय गो… य गो… गो…"

"कोण आहे तिथे?" मामाचा आवाज आता बारीक होता.

"मी शपथेत हाय," काकी म्हणाली. "बालाराम, तू सरपंच ना? तू सांग."

सरपंचाने टोपी काढली. वाडीत इतिहास घडला तो असा. तो जमिनीकडे बघत पुटपुटला, "चेटकीण."

वानरंसुद्धा थांबली. मग गिरणीवालिणीने छातीवर हात ठेवला आणि एवढा मोठा श्वास सोडला की पानावरचा भात उडाला.

"अगं बाई! चेटकीण होय! मला वाटलं तिसरी सासू!"

आधी तिचा नवरा हसला. मग खिडकीबाहेरची टीम. मग मामाही, नाइलाजाने. मी एवढा हसलो की इस्त्रीच्या शर्टाचं बटण तुटून मागच्या दारातून थेट मामाच्या भातात पडलं, आणि मामाला अखेर खडा मिळाला.

जेवणं झाल्यावर प्राजक्तानेच विचारलं, "पण आजी, ती चेटकीण का झाली?"

मला वाटलं आता हिरकणी, घळ, पूर सगळं निघणार. पण काकीने त्या दिवशी मीठमसाला काही लावलं नाही.

"झाली नाय, केली. सुईन व्हती ती, ह्याच वाडीची. एका साली गुरं मेली, नि लोकांनी शिमग्याच्या दिवशी बोंबा मारत तिला वर हाकलली. झऱ्यापाशी ऱ्हायली. पुडल्याच साली पाटलाची सून अडली. मंग तेच बोंबा मारनारे अंधारात डोंगर चढले, पाया पडले. ती आली. बाई सोडवली. उजाडायच्या आत परत वर. ऱ्हा म्हटलं, नाय ऱ्हायली. असं किती वर्सं. ह्या वाडीत जे जन्मलं ना, त्याच्या आज्या-पनज्याची नाल तिनंच कापली. नि नाव काय ठेवलं? तिचं खरं नाव तर कुनाला ठावंच नाय." तिने पान सारखं केलं. "हिरकनी कडा उतरली तर बुरूज बांधला. ही डोंगर चढली तर चेटकीन. एवढं एक नाव उरलंय बायचं, वाईट तर वाईट. ते पन पुसलं तर ती गेलीच ना?"

प्राजक्ताने दगडावरच्या पानाला हात जोडले. मग ती संदेशकडे वळली. "फोनवर मला सनसेट पॉइंट म्हणाला होतास ना?"

संदेशने मान हलवली.

"पुन्हा खोटं बोललास तर लक्षात ठेव, सुई माझ्याकडे असते."

काकी टाळी वाजवून ओरडली, "जमलं!" आणि डोंगरही ओरडला, "मलं… लं…"

लग्न झालं. त्यामागून सगळ्या टीमलाच मोहोर आला. दोन हंगामांत आमचा संघ असा लग्नाळला की सरावाला कुणी येईना आणि आम्ही पहिल्याच फेरीत बाद व्हायला लागलो. 'श्री माऊलीगड' काकीने ओढ्यावरून उतरवून आणला आणि जळणावर पांघरला. अजून आहे. पावसात लाकडं कोरडी राहतात, म्हणजे गडाचा उपयोग झाला.

मी तिला शेवटचं पाहिलं ते शिमग्यात. होळी पेटली की आमच्याकडे सगळी वाडी बांधावर उभी राहून डोंगराकडे बोंब मारते. कशाची, ते बहुतेक विसरलेत. काकी मात्र दरवर्षी वेगळंच ओरडायची. त्या दिवशी ती वाकली होती, काठी होती, एका हाताने प्राजक्ताच्या खांद्याला धरून उभी. सगळ्यांची बोंब संपली आणि तिने हाक घातली, "जेवाया ये गोऽऽ!" आवाज पूर्वीचा नव्हता. महाडपर्यंत गेला नसेल. फार तर पोलादपूरपर्यंत. मला पाहून म्हणाली, "काय रे कंट्रोलर, माझी गाडी कधी?"

"आत्ता येईल काकी," मी म्हणालो, "घाटात आहे."

"उभा जन्म खोटं बोललास," ती म्हणाली आणि बोळकं उघडून हसली. त्या पावसाळ्यात ती गेली. माझी एकच गाडी वेळेवर आली, तीही ही.

यंदा शिमग्याला मी दत्ताच्या परसात डोकावलो. प्राजक्ता दगडावर पान मांडत होती, कडेवर पोर. पाहिलं तर पानं दोन. एकावर भात, बिरडं, भाकरी. दुसऱ्यावर तेच, आणि कडेला मशेरीची पुडी.

"दोन कशाला गो?" मी विचारलं.

"वरच्यांना नको का?" ती म्हणाली.

वरच्यांना. तिने पोराला खाली ठेवलं, पदर खोचला आणि डोंगराकडे तोंड करून हाक मारली, "जेवलात काय गोऽऽ?"

आणि खरं सांगतो, डोंगराने पहिल्यांदा उत्तर दिलं. दोन आवाजांत. त्यातला एक मी कुठेही ओळखला असता. पलीकडे कुणीतरी दत्ता हात धुवायला उठलाच असणार.

शपथ घालू नका. गोष्ट आटते.